कोण बोलस असं?

पहिल्याच तासाला मॅडमनी मला वर्गाबाहेर काढलं. माझा गुन्हा एवढाच, की फळ्यावरच्या वाक्याकडे बघून मी म्हणाले, "हे वाक्य बरोबर आहे, मॅडम."

"बरोबर?" त्यांनी चष्मा काढला. मॅडम चिडल्या की आधी चष्मा काढायच्या, समोरचा माणूस नीट दिसू नये म्हणून की काय कोण जाणे. "हा गणिताचा तास आहे का? वाक्य कोणीतरी बोलतं, नाहीतर कोणीच बोलत नाही. हे कोण बोलतं ते शोधून ये आणि मग बस."

मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. मॅडमबद्दल माझ्या मनात सगळ्यात आधी आला तो राग, आणि बाकी जे काही पुढं आलं ते त्या रागाला बाजूला सारून नाही आलं, त्याच्या शेजारी येऊन बसलं.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं. मॅडम नंदुरबारहून रोज एसटीनं यायच्या आणि एम.ए.ला भाषाविज्ञान शिकवायच्या. उंचीनं लहान, अंगावर सुती साडी, पायात पोरांचे खेळायचे बूट आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. पोरं मागून त्यांना 'फुलीबाई' म्हणायची. भाषेचा अभ्यास करणारे लोक, जे वाक्य बोलणाऱ्याच्या कानाला खटकतं त्याच्याआधी एक तारा काढतात. मॅडम ताऱ्याऐवजी फुली मारायच्या, आणि ती फक्त वहीत नाही. कॉलेजच्या फलकावर सूचना लागली, 'सर्व विद्यार्थ्यांनी सदर बाबीची नोंद घ्यावी', की दुपारपर्यंत तिच्यापुढं लाल पेनाची फुली असायची. खाली प्राचार्यांची सही असली तरी.

एकदा प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. दार उघडंच होतं, आम्ही बाहेरून सगळं ऐकलं.

"मॅडम, यात चूक काय आहे?"

"चूक काहीच नाही. पण कोण बोलस असं? तुम्ही घरी जेवायला बसता तेव्हा बाई म्हणते का, सदर भाकरीची नोंद घ्यावी?"

'कोण बोलस असं?' हे त्यांचं पालुपद. वर्गात त्या शुद्ध पुस्तकी मराठीत शिकवायच्या, पण चिडल्या किंवा खूश झाल्या की थेट अहिराणीवर यायच्या. आमच्याकडं उलटं होतं. आम्ही घरी अहिराणी बोलायचो आणि कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना 'शे'चं 'आहे' करून घ्यायचो, बाहेर पडताना पुन्हा 'शे'. आम्हाला त्याची लाज वाटायची आणि मॅडमना आमच्या लाजेचा संताप यायचा.

त्यांचं संशोधन याच गोष्टीवर होतं. अहिराणी बोलणाऱ्या माणसाला एखादं वाक्य ऐकवायचं आणि ते त्याच्या कानाला कसं लागतं ते विचारायचं. नेहमीचं वाटतं, चालून जाईल असं वाटतं, की कोणी बोलतच नाही असं वाटतं? ऐकायला हे सोपं आहे. सुट्ट्यांत मी त्यांच्याबरोबर गावोगाव फिरले तेव्हा कळलं, की माणसाला जगातलं काहीही विचारावं, पण त्याच्या बोलण्याबद्दल विचारू नये.

तापीकाठच्या एका गावात केळीच्या बागेशेजारी एक आजी भेटली. मॅडमनी वाक्य वाचलं, "सून सासूले मारस." आजीनं हातातला विळा खाली ठेवला.

"कोनी सून?"

"कोणाचीच नाही, आजी. नुसतं वाक्य शे. असं बोलतस का आपण?"

"बोलतस काय! मारस ते मारस, वरथून बोलतस बी? नाव सांगं तिनं. मन्ही सून असं करस नही, आधीच सांगी ठेवस."

तिची सून आतून बाहेर आली, मग शेजारची आली आणि आम्हाला तिथून उठावं लागलं. मॅडम रस्ताभर चिडलेल्या. आजीवर नाही, स्वतःवर. "असली वाक्यं पुस्तकातून उचलली मी. पुस्तकवाल्यांना मारामारीशिवाय उदाहरण सुचत नाही. बाई वाक्य ऐकतच नव्हती, ती घर वाचवत होती." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी वाक्यं बदलली. कोणाला राग येणार नाही अशी बेचव वाक्यं केली. तरी एका गावात 'म्हैस दूध देस नही' या वाक्यावर एक माणूस उठून गोठ्यात गेला आणि म्हशीला आमच्यासमोर उभं करून म्हणाला, "कोन म्हने देस नही?"

त्यांचे नियम कडक होते. एका बैठकीत थोडीच वाक्यं विचारायची, मग थांबायचं. वाक्य दोनदाच म्हणायचं, तिसऱ्यांदा नाही. "सारखं ऐकलं की कोणतंही वाक्य चांगलं वाटायला लागतं. पुढारी दुसरं काय करतात?" असं म्हणून त्या उठायच्या आणि आम्हाला एसटी स्टँडवर नेऊन बसवायच्या. तिथं काही बोलायचं नाही, लिहायचं नाही, नुसतं बसून ऐकायचं. बायका, कंडक्टर, भांडणारे नवरा-बायको, फुटाणे विकणारे. याला त्या कान धुणं म्हणायच्या. कान धुऊन झाले की पुन्हा वाक्यं.

आणि मान हलवायची नाही. प्रकाशा गावात एक म्हातारबाबा एका वाक्यावर बराच वेळ विचार करत बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि माझी मान नकळत हलली. हो, असं. बाबा लगेच म्हणाले, "हा, बोलतस ना, बोलतस." मॅडमनी कागद मिटला, बाबांना हात जोडले, रस्त्यावर आल्या आणि समोर आलेल्या एसटीत एकट्याच चढल्या. मी धावले. खिडकीतून त्या म्हणाल्या, "बाबाचं उत्तर तू दिलंस. आता तू तुझी घरी जा." गाडी गेली. मी भर उन्हात तिथं उभी, ओळखीचं कोणी नाही. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या अगदी नैसर्गिक होत्या.

पण म्हसावदची गोष्ट मी विसरणार नाही. तिथं दुकानाच्या ओट्यावर एक चांगले पँट-शर्टातले गृहस्थ भेटले. मॅडमनी त्यांना वाक्य ऐकवलं, "तो काय करी ऱ्हायना?"

"नाही, नाही," ते म्हणाले. "असं आम्ही बोलत नाही. तो काय करत आहे, असं बोलतो. ते तुमचं करी ऱ्हायना वगैरे गावंढळ लोक बोलतात."

मॅडमनी लिहून घेतलं. तेवढ्यात दुकानाच्या आत काहीतरी पडलं आणि ते गृहस्थ मान वळवून ओरडले, "काय करी ऱ्हायना रे तठे?"

मला हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. वाटेत मी म्हटलं, "खोटारडा माणूस." त्या थांबल्या आणि त्यांनी चष्मा काढला.

"खोटारडा नाही तो. आपण त्याला वाक्याला मार्क दे म्हटलं आणि त्यानं स्वतःला मार्क दिला. आपण नापास होऊ नये म्हणून. त्याला कोणीतरी लहानपणी या वाक्यावरून छडी मारलीय. ती छडी कोणाची होती ते शोध, मग हस."

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "तुन्ही मॅडम भलती तिखट शे." आईच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे विशेषच, कारण तिखट काय असतं ते आईला माहीत होतं. मिरचीच्या हंगामात ती नंदुरबारजवळच्या पथारीवर कामाला जायची. पथारी म्हणजे उघड्या माळावर लाल मिरची वाळत घालतात ती जागा. डोळे पोहोचतील तिथवर लाल. बायका रांगेनं बसून देठ खुडतात, नाकातोंडाला फडकं बांधलेलं असतं.

माझा एम.ए.चा प्रबंध मी त्यावरच करायचं ठरवलं, पथारीवरच्या बायकांच्या बोलण्यावर. मी मॅडमकडं गेले, तर त्यांनी मार्गदर्शक व्हायला चक्क नकार दिला. "विषय चांगला आहे. पण माझ्याकडं नको. माझ्या हाताखाली लिहिलंस तर माझ्यासारखी लिहिशील. एका गावात एक फुलीबाई पुरे." मग मी दुसऱ्या सरांकडं गेले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी शेवटपर्यंत मला काही सांगितलं नाही.

तो सबंध हिवाळा मी लिहीत होते. प्रमाण मराठी माझ्या आईची नाही, माझी शाळेतली. मी एकेक वाक्य मागच्या अंगणात शेळ्यांसमोर मोठ्यानं म्हणून बघायचे. दोनदाच. खटकलं की खोडायचे. लिहिता लिहिता मला एक गोष्ट दिसली जी आईबरोबर इतक्यांदा जाऊनही दिसली नव्हती. पथारीवर कोणी लांब वाक्य बोलत नाही. तोंड जास्त वेळ उघडं राहिलं की तिखट घशात जातं आणि ठसका लागतो. म्हणून नावं तोडून घेतात, क्रियापद आधी टाकतात, उरलेलं हातानं सांगतात. मी लिहिलं, 'ठसका हाच या बोलीचा पूर्णविराम आहे.' हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून शेळ्यांना उगाच चारा टाकला. इतका आनंद झाला होता.

तोंडी परीक्षेला मोठ्या शहरातून परीक्षक आले होते. मी घाबरतच आत गेले. त्यांनी काहीतरी विचारलं आणि मी सांगायला लागले, "बाया मिरची खुडतस तव्हय..." मी जीभ चावली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा 'मला'च्या जागी 'माले' निसटलं. त्यांनी प्रबंध उघडला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा प्रबंधाकडं बघितलं.

"बोलताना इतके दोष आणि लिहिताना एकही नाही? हे नैसर्गिक वाटत नाही." मग त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं त्या वाक्यावर. "ठसका हाच या बोलीचा पूर्णविराम आहे. हे तुला कसं सुचलं?"

"सुचलं, सर."

"सुचलं, की मोबाइलनं सुचवलं? आजकाल मशीन काय वाटेल ते लिहून देतं."

मी माझ्या सरांकडं बघितलं. ते चहाच्या कपात बघत होते.

निकाल अडकला. आठवड्यानं चौकशी बसली. प्राचार्य, परीक्षक, माझे सर आणि जाणकार म्हणून मॅडम. मला भिंतीशी उभं केलं. खुर्ची होती, पण बस म्हणून कोणी म्हटलं नाही. मॅडमना बघून माझा जीव भांड्यात पडला. या बाईनं मला सुट्ट्यांत उन्हातान्हात फिरवलंय. माझं बोलणं, माझं घर, माझी आई, सगळं यांना माहीत आहे. यांच्या एका शब्दात हे संपेल.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमचा तर हाच विषय. वाक्य नैसर्गिक की कृत्रिम हे तुमच्याइतकं कोण सांगणार? ही भाषा या मुलीची वाटते का? हो की नाही, एवढंच सांगा."

मॅडमनी ते पान घेतलं. डोळे मिटून ओठातल्या ओठात वाक्य म्हटलं, पुन्हा एकदा म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मान हलवली नाही.

"मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

परीक्षक खुर्चीत मागं टेकले. "बघा. म्हणजे यांनाही शंका आहे."

"शंका नाही," मॅडम म्हणाल्या. "वाक्य ऐकून ते कोणाचं आहे हे मला सांगता येत नाही. तुम्हालाही येत नाही. तुम्हाला येत नाही हे तुम्हाला माहीत नाही, एवढाच आपल्यात फरक."

"मी एका सॉफ्टवेअरमध्येसुद्धा तपासलंय."

"त्याचं गाव कोणतं?"

"काय?"

"ज्या सॉफ्टवेअरनं सांगितलं की नंदुरबारची मुलगी असं लिहीत नाही, ते कोणत्या गावचं आहे? ते पथारीवर कधी बसलंय का?"

"मॅडम, विषय भरकटतोय. माझं म्हणणं साधं आहे. या भागातली मुलगी असं लिहीत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "या भागातल्या मुलीनं कसं लिहायचं ते तुम्ही कोणाला विचारलं? मी आयुष्यभर लोकांना वाक्यं ऐकवली. लोक जे सांगतात त्यातलं अर्धं वाक्याबद्दल असतं आणि अर्धं समोरच्या माणसाबद्दल. पँट घातलेल्याला एक उत्तर, लुगडं नेसलेलीला दुसरं. तुम्ही आत्ता वाक्याला मार्क देत नाही. तुम्ही या पोरीला बघितलं, तिची चप्पल बघितली, तिचं 'माले' ऐकलं आणि मग वाक्य वाचलंत. उलट्या क्रमानं वाचलं असतं तर तुम्ही 'वा' म्हणाला असता."

त्यांनी पान टेबलावर ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "आत काय लिहिलंय ते तिला विचारा. या टेबलावर हा प्रबंध पूर्ण कोणी वाचलाय?"

माझे सर खिडकीबाहेर बघायला लागले.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "सांगं वं. पथारीवर एक बाई दुसरीले हाक कशी मारस?"

मी बोलायला लागले. अहिराणीत. आधी अडखळले, मग अडखळणं गेलं आणि नुसता राग उरला. त्या रागातच मी सगळं सांगितलं. हाक मारताना ओठ मिटता येतील अशी नावं कशी करतात. हसू आलं की पाठ कशी फिरवायची, म्हणजे फडकं सुटलं तरी चालतं. मुकादमाला उत्तर द्यायचं नसेल तर मुद्दाम खोकायचं. माझी आई संध्याकाळी घरी आल्यावर तोंड धुऊन आधी एक लांबच लांब वाक्य का बोलते. प्राचार्यांचा चहा निवला. ते मध्ये एकदा "अरे वा" म्हणाले.

मी थांबले. परीक्षक म्हणाले, "माहिती तिला आहे, हे मान्य. पण माहिती वेगळी आणि भाषा वेगळी. शिवाय आत्ता ती जे बोलली ते मराठी नव्हतं."

"मग इतका वेळ ऐकत काय होतात?" मॅडम ओरडल्या. खरोखर ओरडल्या. बाहेर शिपाई उठून उभा राहिला.

निर्णय कागदावर आला. आरोप सिद्ध होत नाही. तथापि प्रबंधाची भाषा विद्यार्थिनीच्या नैसर्गिक पातळीशी सुसंगत करून तो पुन्हा सादर करावा. मॅडमनी त्या निर्णयापुढं फुली मारली, आपण असहमत असल्याचं लिहिलं आणि सही केली. त्यानं काही झालं नाही. निकालाला वर्षाचा उशीर झाला, आणि तळोद्याकडच्या एका आश्रमशाळेत मला जी नोकरी मिळत होती ती दुसऱ्या कोणाला गेली.

त्या संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर गाठलं. गाडी लागायची होती.

"एक 'हो' म्हणता आलं नसतं, मॅडम?"

"आलं असतं."

"मग?"

"आज माझ्या 'हो'नं तू सुटली असतीस. मग पुढच्या वर्षी ते दुसऱ्या पोरीला माझ्यासमोर उभं करतील आणि माझं 'नाही' मागतील. वाक्याचा वास घेऊन माणूस ओळखता येतो, हे मी एकदा कबूल केलं की संपलं. मग ते फक्त नाक कोणाचं चांगलं एवढंच ठरवत बसतील."

"पुढच्या वर्षीची पोरगी गयी खड्डामा," मी म्हटलं. "मी आज उभी शे. आठे. तुमना समोर."

स्टँडवरचे लोक बघायला लागले. गाडी आली, त्या चढल्या. या वेळी त्यांनी खिडकीतून वळून बघितलं, पण मी पाठ फिरवली होती.

घरी आईला सांगितलं तर तिला काही केल्या कळेना. "तू लिखं ते तुन्हं नही, मंग कोनं शे?" तिनं मला हे पुन्हा पुन्हा विचारलं. तिला वाटलं माझ्याकडून काहीतरी सांगायचं राहतंय.

मग मी प्रबंध दुरुस्त करायला बसले. दुरुस्त म्हणजे काय ते मला नीट कळलं होतं. मी तो मोडायला लागले. चांगलं वाक्य दिसलं की त्याचे पाय तोडायचे. जिथं तिथं 'असे दिसून येते' चिकटवलं. एकाच वाक्यात दोनदा 'त्यामुळे' घातलं. कुठं लिंग चुकवलं, कुठं वचन. त्या वाक्याशी आले तेव्हा पेन खाली ठेवून बाहेर जाऊन आले. मग लिहिलं, 'बोलताना ठसका लागतो त्यामुळे बायका छोटे वाक्य बोलतात असे दिसून येते.'

परीक्षक तेच होते. त्यांनी पानं चाळली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आता बघ. आता ही भाषा तुझी वाटते. चुका आहेत थोड्या, पण प्रामाणिक आहेत."

प्रामाणिक चुका! मी 'थँक्यू सर' म्हटलं. हात जोडले. मी पास झाले, आणि बाहेर येऊन कॉलेजच्या नळावर जाऊन चूळ भरली.

मॅडम त्या सुमारास निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी विद्यापीठाला पत्रांवर पत्रं लिहिली, असं मी ऐकलं. कोणाच्याही लेखनाची सत्यता ठरवायला मला यापुढं बोलावू नये, आणि खरं तर कोणालाच बोलावू नये, अशी. उत्तर आलं की नाही ठाऊक नाही. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. वर्ष उलटून गेलं. मला दुसऱ्या एका आश्रमशाळेत नोकरी लागली. पहिल्या सुट्टीत मी पेढे घेऊन सगळ्यांकडं गेले. मॅडमकडं गेले तेव्हा पेढे नव्हते. पिशवीत तो मोडलेला प्रबंध होता. मी भांडायला गेले होते.

नंदुरबारात त्या जुन्या वस्तीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. दार उघडलं, मला बघितलं, 'ये' म्हणाल्या नाहीत, नुसत्या बाजूला झाल्या. मी प्रबंध त्यांच्यासमोर आपटला.

"वाचा. याच्यावर मला पदवी मिळाली."

त्या वाचायला बसल्या. मी समोर बसले. पहिल्या काही पानांवर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग आठ्या गेल्या आणि त्या अगदी सावकाश, बोट लावून वाचायला लागल्या. शेवटच्या पानापर्यंत वाचलं. स्वयंपाकघरात कुकर वाजून थांबला तरी उठल्या नाहीत.

"मुद्दाम मोडलंयस," त्या म्हणाल्या.

"हो."

"इकडं ये. हे बघ. ही चूक इथं केलीस, शेजारच्या ओळीत नाही. शेजारी केली असतीस तर अर्थ गेला असता. एवढं मोडलंस, पण अर्थ एकाही ठिकाणी सांडू दिला नाहीस. ज्याला भाषा येत नाही त्याच्या चुका कुठंही पडतात, वाऱ्यानं उडालेल्या बियांसारख्या. तुझ्या पेरलेल्या आहेत. ओळीनं." त्यांनी प्रबंध मिटला. "आता विचार मला. ही भाषा तुझीच आहे. कोणासमोरही सांगेन."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा माझ्याजवळ काय होतं? एक छान वाक्य. छान वाक्य कोणाचंही असू शकतं."

आणि त्या बरोबर बोलत होत्या. मला त्याचाच संताप आला. मी उठून उभी राहिले. जे तोंडाला आलं ते अहिराणीतच आलं.

"म्हंजे मी मन्हं वाटोळं करं तव्हय तुम्हले पटनं? ज्या प्रबंधवर पदवी भेटनी तो मन्हा नही. जो मन्हा शे तो घरमा पेटीमा पडेल शे. तुम्हनं तत्त्व जितनं, मॅडम. मन्हं वरीस गयं, मन्ही नोकरी गयी. तत्त्वले काय चाटू मी?"

मॅडम ऐकत राहिल्या. मध्ये तोंड घातलं नाही, चष्मा काढला नाही. मग म्हणाल्या, "काय चाटशी? काहीच नही." आणि उठून आत गेल्या.

मला वाटलं, संपलं. मी पिशवी उचलली. तेवढ्यात त्या ताट घेऊन बाहेर आल्या. भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. ताट जमिनीवर ठेवलं.

"जेवाले बस."

"भूक नही."

"राग शे ना? मंग भूक बी व्हई. बस."

मी बसले. खरोखरच भूक लागली होती. त्या समोर बसून वाढत राहिल्या. माफी मागितली नाही, समजावलं नाही, माझ्या नोकरीबद्दल विचारलं नाही. मी रागातच जेवले, दुसरी भाकरी घेतली तीही रागातच. ताट धुऊन पालथं घातलं. निघताना पाया पडले नाही, आणि त्यांनीही तशी अपेक्षा दाखवली नाही. त्या दारापर्यंत आल्या. मी चपला घालत होते.

"पुढला रविवारले ये," त्या म्हणाल्या. मी वर बघितलं.

"आनि अशीच ये. हसत नको येऊ."